मदत हवी आहे: टेक्ससमध्ये दहावीला प्रवेश, क्लास रँकमध्ये भारतातली नववी धरतात का?

सोनटक्का

मुलीची सीबीएसईची नववी पुण्यात झाली (८२ टक्के, गणितात ९१). ऑगस्टपासून डॅलसजवळच्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीला जाईल. पुढे यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) कॉम्प्युटर सायन्स करायचं म्हणते.

नववीचे मार्क क्लास रँकमध्ये (बॅचमधल्या क्रमांकात) धरतात का? टॉप टेन पर्सेंटचा नियम यूटीला अजून लागू आहे का? तिला विषय म्हणून ऑर्केस्ट्रा (व्हायोलिन) घ्यायचाय, पण त्याने रँक खाली येते असं ऐकलं. खरं आहे का? कोर्स निवडायला आठवडाच आहे, जाणकारांनी कृपया सांगा.

नागमोडी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच असतात. कायदा १९९७ चा. टेक्ससच्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत असलेल्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. यूटी ऑस्टिनला मात्र २००९ च्या दुरुस्तीने सूट आहे: राज्यातल्या मुलांच्या ७५ टक्के जागा अशा भरल्या की पुरे. त्यामुळे तिथली रेषा वर सरकत गेली. बरीच वर्षं ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झाली. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाला अजून १० टक्केच.

आणि हा प्रवेश विद्यापीठाला मिळतो, शाखेला नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज वेगळा तपासला जातो. रँक पहिली असली तरी तिथे नकार येऊ शकतो, मग दुसरी शाखा.

थेट प्रवेशासाठी डिप्लोम्यावर (हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर) 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल'ही लागते: अल्जिब्रा टू धरून गणिताचे चार क्रेडिट (एक क्रेडिट म्हणजे साधारण वर्षभराचा विषय), विज्ञानाचे चार आणि एक एन्डॉर्समेंट (निवडलेल्या विषयगटाचा शिक्का). एन्डॉर्समेंट इथली मुलं नववीतच निवडतात. तुमची मुलगी उशिरा येतेय, तेव्हा तो फॉर्म स्वतःहून मागून घ्या.

तिरकस_चौकोन

नववीचं आणि ऑर्केस्ट्राचं उत्तर राज्याच्या कायद्यात मिळणार नाही, ते तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) धोरणात आहे. डिस्ट्रिक्टच्या साइटवर बोर्ड पॉलिसी उघडा आणि 'ईआयसी लोकल' शोधा. दोन-तीन पानंच असतात. कुठले विषय रँकमध्ये धरतात, एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयांना) किती वजन, बाहेरून आलेल्या क्रेडिटचं काय, सगळं तिथे लिहिलेलं असतं. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

बाहेरच्या नववीचं साधारण तीन तऱ्हांनी होतं. एक, क्रेडिट देतात पण ग्रेडऐवजी नुसतं 'पास' लिहितात. मग जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला, रँक त्यावरच ठरते) धक्का नाही. दोन, मार्क त्यांच्या तक्त्यातून बदलून घेतात. तीन, रजिस्ट्रार ८२ चे ८२ उतरवून मोकळा होतो. हे तिसरं महागात पडतं, कारण इथे नव्वदच्या पुढे ए. सीबीएसईतले ८२ आणि इथले ८२ एक नव्हेत, पण ते कळायला कागद लागतो. पुण्याच्या शाळेकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं, ग्रेडिंगची पद्धत छापलेलं ट्रान्सक्रिप्ट आणा. नुसत्या मार्कशीटवर ती पद्धत बहुधा नसते.

आता ऑर्केस्ट्रा. समजा एपीतला ए म्हणजे ५ आणि साध्या वर्गातला ए म्हणजे ४. दहा एपीत ए मिळाला तर ५० भागिले १०, सरासरी ५. त्यात ऑर्केस्ट्राची दोन वर्षं घातली, दोन्हीत ए, तर ५८ भागिले १२, म्हणजे ४.८३. पैकीच्या पैकी मिळवूनही सरासरी घसरली. सहाशेच्या वर्गात ५ टक्के म्हणजे तीस मुलं. तिथे एवढा फरक पुरतो.

पण फाइन आर्ट्सचा एक क्रेडिट टेक्ससमध्ये डिप्लोम्यासाठी सगळ्यांनाच लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षाचा तोटा साऱ्या वर्गाला सारखाच. प्रश्न दुसऱ्या वर्षापासून. काही डिस्ट्रिक्ट रँकला फक्त मुख्य विषय धरतात. काही ठिकाणी अशा विषयाला 'पास-फेल' करून घेता येतं, पण त्याची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते. माझं मत विचाराल तर व्हायोलिन सोडू नका. रँक गेटपर्यंत नेते. कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज वाचणाऱ्याला बाकीचंही दिसायला हवं.

सोनटक्का

दोघांचे खूप आभार. ईआयसी लोकल सापडलं. रँक अकरावीच्या शेवटी काढतात असं दिसतं. म्हणजे हातात दोनच वर्षं? आणि गणितात तिला जॉमेट्री देतायत.

नागमोडी

हो, दोनच. विद्यापीठाच्या अर्जावर जाते ती रँक बहुतेक ठिकाणी अकरावीअखेरची, म्हणून बारावीतल्या एपींचा तिथे उपयोग नाही. व्हॅलेडिक्टोरियन (वर्गात पहिला येणारा) मात्र बारावीत ठरतो. त्यासाठी बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये शाळेत सलग ठरावीक काळ असावं लागतं, ती अट वाचा. पहिल्या आलेल्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठात पहिल्या दोन सत्रांची ट्यूशन माफ असते, इतर फिया भराव्याच लागतात.

जॉमेट्रीचं आजच बघा. दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस. म्हणजे एपी कॅल्क्युलस राहूनच गेलं. उपाय 'क्रेडिट बाय एक्झाम', म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट. विषय आधी न शिकता परीक्षा देणाऱ्याला ८० लागतात, आधी शिकलेल्याला ७०. तिने जॉमेट्रीचा बराच भाग नववीत केलेला असला, तरी शाळा तिला कुठल्या गटात धरते ते लेखी विचारा. वर्षभराच्या विषयाच्या दोन परीक्षा असतात, प्रत्येक सत्राची एक. तारखा ठरलेल्या असतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. त्या मार्कांचा जीपीए होतो की नाही, ते पुन्हा डिस्ट्रिक्टवर.

आडवाटेचा_पांथस्थ

एक भर. अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीएसएटी (एसएटी या प्रवेशपरीक्षेची पूर्वपरीक्षा) असते, नॅशनल मेरिट ही देशपातळीवरची शिष्यवृत्ती त्यावरूनच सुरू होते. ते रँकवर अवलंबून नाही, म्हणून उशिरा आलेल्या मुलांना तिथे बरोबरीची संधी. रीडिंग-रायटिंगच्या गुणांची दुप्पट, अधिक गणित, भागिले १०, कमाल २२८. म्हणजे इंग्रजीला गणिताच्या दुप्पट वजन, तयारी त्या हिशोबाने करा. सेमीफायनलिस्टची रेषा राज्यागणिक वेगळी असते.

आणि दहावीपासून घरी 'तुमच्या मुलीची निवड झाली आहे' अशी पत्रं येतील, खाली फी. शाळेतली नॅशनल ऑनर सोसायटी (हुशार मुलांची संस्था) खरी, तिची शाखा शाळेतच असते. बाकीची थेट रद्दीत.