माइनक्राफ्ट: पीसफुल करूनही मारामारी चालूच!

गोदाकाठ: नाशिकच्या ८ पोरांचा माइनक्राफ्ट गेमचा जावा (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) सर्व्हर. निम्म्यांना लढायचंय, निम्म्यांना नुसतं बांधकाम. डिफिकल्टी (अवघडपणाची पातळी) पीसफुल केली, तरी एकमेकांना मारतातच.

पंचवटीकर: पीसफुलने राक्षस जातात, माणसं नाही! शिवाय ब्लेझ (आगीचे राक्षस) येत नाहीत, म्हणजे त्यांच्याकडून मिळणारा ब्लेझ रॉड नाही, एन्डचा (ड्रॅगन असलेल्या शेवटच्या जगाचा) रस्ता बंद. डिफिकल्टी ईझी ठेवा, पीव्हीपी (खेळाडूंची आपसातली मारामारी) फॉल्स, म्हणजे बंद करा. जुन्या आवृत्तीत ते सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमध्ये, नव्यात गेमरूलमध्ये (गेममधूनच बदलायच्या नियमांत).

सिडको_कट्टा: त्याने तलवार थांबेल, लाव्हा अन् टीएनटी नाही. आणि लढणाऱ्यांनी काय करायचं? पीव्हीपी चालूच ठेवा. वर्ल्डएडिट, वर्ल्डगार्ड हे प्लगइन (सर्व्हरचे जोड-प्रोग्राम) टाका. ग्लोबल रीजनला (सगळ्या जगाला) पीव्हीपी डिनाय (मनाई), आखाड्याच्या रीजनला (तेवढ्या भागाला) अलाउ (परवानगी).

गोदाकाठ: व्हॅनिलावर (मूळ, साध्या सर्व्हरवर) चालेल?

सिडको_कट्टा: नाही, पेपर (प्लगइन चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) लागेल. आधी वर्ल्डचा बॅकअप घ्या, भाऊ.