मदत हवी आहे : टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगातल्या वाफांवर वनस्पतिजन्य उपाय चालतात का?

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. माझ्या थोरल्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगावरचे मुख्य उपचार पूर्ण झाले असून तिला सध्या टॅमॉक्सिफेनची (स्तनाच्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारे औषध) रोजची गोळी चालू आहे. केमोथेरपीनंतर तिची पाळी कायमची थांबली आणि तेव्हापासून एकाएकी अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने कपडे भिजणे व झोप मोडणे सुरू झाले. त्यात आपल्याकडची दमट हवा. चवथीला नेवऱ्या तळायला बसली की तिला मध्येच उठून पंख्याखाली जावे लागते.

तिचा कर्करोग इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारा असल्यामुळे हार्मोनचे उपचार तिला देता येत नाहीत. म्हणून ओळखीच्या बायका प्रेमापोटी शतावरीचे चूर्ण, सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल, ब्लॅक कोहॉश ही अमेरिकी औषधी वनस्पती असे एकेक सुचवतात आणि झाडपाल्याचे औषध अपाय करत नाही, असे वर सांगतात. मला ते पटत नाही. सोयामधील आयसोफ्लेवोन ही इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये पेशींतील इस्ट्रोजेनच्याच ग्राहींना (हार्मोन जिथे जोडले जाते त्या जागांना) जाऊन चिकटतात, आणि टॅमॉक्सिफेनचे कामही तिथेच चालते. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मन उदास असते म्हणून एकीने सुचवलेल्या सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे तर टॅमॉक्सिफेनचा परिणामच कमी होऊ शकतो. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या निवेदनात वाफांसाठी सोया किंवा ब्लॅक कोहॉशची शिफारस केलेली नाही. वर्तनोपचार (विचार व सवयी बदलून त्रास हाताळायला शिकवणारे समुपदेशन) व गाबापेन्टिनसारखी (मूळचे फिट्सवरचे औषध) काही औषधे मात्र सुचवली आहेत.

जेवणातल्या सोयाबीनच्या वड्या आणि चमचाभर भाजलेली अळशी यांची मला तितकी भीती वाटत नाही. प्रश्न अर्काच्या कॅप्सूलांचा आणि शतावरीचा आहे. चूर्णाची बाटली घरी येऊन पडली आहे आणि ताई त्रासाने इतकी कंटाळली आहे की तिला नुसते नको म्हणून भागत नाही.

टॅमॉक्सिफेन घेताना कोणाला कर्करोगतज्ज्ञांनी शतावरीबद्दल स्पष्ट होकार किंवा नकार दिला आहे का, आणि त्यामागचे कारण काय सांगितले? गाबापेन्टिन घेतलेल्यांना रात्रीची झोप लागू लागली का? पणजी, मडगाव किंवा फोंडा परिसरात असा वर्तनोपचार मराठीतून वा कोंकणीतून देणारे समुपदेशक आपणांस ठाऊक असतील, तर कृपया कळवावे.