शहर आणि भाषेवरून साइटच्या वाचकांचे सेगमेंट, म्हणजे गट, पाडून गोव्यातला वाचक कळतो का?

मांडवीकाठ:
काल सत्तरीकर बाबनी लिहिलं की त्यांच्या जत्रा-नाटकांच्या साइटवर अर्ध्याहून जास्त लोक मुंबई-पुणे-बेंगळुरूचे, भाषा बहुतेकांची इंग्रजी, म्हणून आता ते पर्यटकांसाठी इंग्रजीतून लिहिणार. वाचून डोकंच फिरलं. अहो, गूगल ॲनालिटिक्स साइटवर कोण येतं ते मोजतं, पण त्यातली भाषा म्हणजे ब्राउझरची सेटिंग, माणूस काय वाचतो ते नव्हे! माझी आई रोज मराठी पेपर वाचते, फोन मात्र इंग्रजीत, दुकानातून आणला तसाच. आणि शहर आयपीवरून, म्हणजे नेट-जोडणीच्या पत्त्यावरून, अंदाजाने धरतात, मोबाइल डेटावरचा वाळपईचा माणूस मुंबईत दिसू शकतो. सेगमेंट पाडा, पण माणूस कुठून आला आणि येऊन त्याने काय केलं त्यावर.

सत्तरीकर:
आकडे मी घरी बनवले नाहीत. सात वर्षं होस्टिंग खिशातून भरतोय. १ जुलै २०२३ ला जुनं ॲनालिटिक्स बंद पडलं, हाताला बसलेले रिपोर्ट गेले, नवीन शिकायला वेळ कोणाला आहे. पर्यटक आला तर दोन पैसे तरी सुटतील.

फोंड्याची लेक:
फोन इंग्रजीत का, हे कोणी विचारत नाही. १९८७ च्या कायद्यात राजभाषा कोंकणी, मराठीला नुसती सरकारी कामात वापरायची सोय. तेव्हापासून मराठी वाचणारा मोजणीत दुय्यमच, मग साइटवर वेगळं काय होणार?

काणकोणकार:
झालं सुरू! विषय ट्रॅफिकचा होता. माझी आजी घरात कोंकणी बोलते, चवथीला आरत्या मराठीत म्हणते. तिला कुठल्या सेगमेंटात घालणार ते सांगा आधी.

फोंड्याची लेक:
आजीला मध्ये आणू नका. ती वाचते कशात, ते सांगा.

काणकोणकार:
ती वाचतच नाही, मी वाचून दाखवतो! आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचणारे सासष्टीतले लोक? तुम्हा दोघांच्याही यादीत ते नाहीत. कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीच. दुय्यमपणाचं आम्हाला शिकवू नका.

फोंड्याची लेक:
रोमीवर अन्याय झाला हे मान्य. त्याने मराठीवरचा कमी होत नाही.

मांडवीकाठ:
भांडण पुरे, मुद्द्यावर या. बाब, ॲनालिटिक्सच्या एक्सप्लोर भागात एकच सेशन सेगमेंट, म्हणजे भेटींचा गट, करून बघा, नाटकाच्या वेळापत्रकाच्या पानावर थेट उतरलेले. व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचदा डायरेक्टमध्येच, म्हणजे कुठून आले ते न कळलेल्यांत, पडतात. आणि तिथला डेटा मुळात दोनच महिने ठेवतात, सेटिंगमध्ये चौदा करा, नाहीतर पुढच्या वर्षी यंदाची जत्रा ताडून बघायला काही उरणार नाही.

सत्तरीकर:
बघितलं रात्री. थेट उतरणारे भरपूर, वेळ बघून लगेच जातात. दहा सेकंदांच्या आत, एकच पान बघून गेला की तो एंगेज्ड, म्हणजे खरंच रस घेतलेला, धरत नाहीत, म्हणून मी त्यांना आजवर फालतू समजत होतो. दशावतार किती वाजता उभा राहणार हे बघायला दहा सेकंद कशाला लागतात? आमच्या वाड्यावरचेच लोक असणार ते. एवढं तुमचं खरं. आता ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लावतो, म्हणजे पक्कं कळेल.

वेळापत्रक मराठीतच राहील. पर्यटकांचं इंग्रजी पान मात्र काढणारच, त्यावर मला कोणी समजवायला येऊ नये.