शिकाऊ आहेत म्हणून क्लिनिक टाळू नका

वर दोघातिघांनी लिहिलंय की कायरोप्रॅक्टिक (म्हणजे हातांनी दाब किंवा झटका देऊन मणक्यांवर, सांध्यांवर उपचार) शिकवणाऱ्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी पेशंटवर हात साफ करून घेतात म्हणून तिकडे फिरकूच नये. भीती समजते, पण हे पटलं नाही. विद्यार्थ्याला तिथे एकट्याला सोडत नाहीत, तो हिस्टरी घेतो, बीपी बघतो, गुडघ्यावर हातोडी मारून रिफ्लेक्स तपासतो आणि मग जाऊन सुपरवायझरला सगळी केस सांगतो, त्या लायसन्सवाल्या डॉक्टरने होकार दिला की मगच उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्ण कोर्सला किमान ४२०० तास धरलेत आणि त्यातले निदान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघण्याचे.

मी कंबरेसाठी अशा क्लिनिकला जायचो. एकदा सुपरवायझर मॅडमनी विद्यार्थिनीचा तळहात माझ्या कमरेवर जरासा खाली सरकवला, कोपर सरळ करायला लावलं आणि मगच दाब द्यायला सांगितलं. वेळ खूप जातो हे मात्र खरं, पहिल्या दिवशी तर नुसती तपासणीच चालते, पण इतक्या बारकाईने कुणी विचारतही नाही हो. मानेला झटका नको असेल तर आधीच स्पष्ट सांगा, हळुवार पद्धतीही त्यांना शिकवलेल्या असतात. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर कुठलंच क्लिनिक नको, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.