मळ्यातलं कुत्रं जर्मनीला न्यायचं, तर तीन महिने थांबणं हा जाच आहे का?

केळीबागेतली (धागा सुरू करणारी):

परवा आमच्या खान्देशी मंडळींच्या ग्रुपवर एका भावानं लिहिलं, "कुत्र्याला युरोपात न्यायला सात-आठ महिने लागतात, हा निव्वळ छळ आहे. ओळखीनं कागद करून घ्या, महिनाभरात काम होतं." त्याला हो-हो म्हणणारे बरेच निघाले. मला ते पटलं नाही. तिथं चार ओळींत सांगता आलं नसतं, म्हणून इथं लिहितेय.

मी मूळची यावल तालुक्यातली, आता हॅनोव्हरला राहते. 2023 च्या दिवाळीत बाबा गेले. त्याआधी महिनाभर मोटारीच्या खोलीमागे एका कुत्रीला पिल्लं झाली होती. बाबा सकाळी धार काढली की पहिली वाटी तिकडे न्यायचे. त्यातलं एक पिल्लू म्हणजे आमचा मोत्या. आई वर्षश्राद्धापर्यंत मळ्यातच राहणार होती, नंतर मळा बटाईनं देऊन दादाकडे नाशिकला. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला जागा नव्हती. म्हणून मोत्याला मी नेणार असं ठरलं.

युरोपियन युनियनचा नियम असा. भारत रेबीजच्या दृष्टीनं जोखमीचा देश. आधी कुत्र्याच्या मानेत पंधरा आकडी नंबराची मायक्रोचिप बसवायची. मग रेबीजची लस, पिल्लू किमान 12 आठवड्यांचं झाल्यावर. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं आणि ते युनियनच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण मिलिलिटरला 0.5 युनिट किंवा जास्त हवं. आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं.

आमची पहिली चूक चिपची. जानेवारीत तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात लस दिली, पुस्तिका मिळाली, आई खूश. चिपचं कुणी बोललंच नाही. मार्चमध्ये मी कागद नीट वाचले तेव्हा कळलं की चिपच्या आधीची लस धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही. 18 मार्चला सगळं पहिल्यापासून. केळीचं कॅरेट उलटं ठेवून त्यावर मोत्याला उभा केला. डॉक्टरांनी मानेवरून रीडर फिरवला, तो वाजला तसे मोत्याचे कान ताठ झाले, आणि दादानं तो नंबर दोनदा मोठ्यानं वाचून लिहून घेतला. 20 एप्रिलला रक्त. पारा 43 वर होता. रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरमची नळी बर्फाच्या डब्यात, डबा दादाच्या मांडीवर, जळगाव ते मुंबई. दर दोन तासांनी झाकण उघडून बर्फ पाहायचा. रिपोर्ट चांगला आला, तरी 20 जुलैपर्यंत थांबणं आलंच. तेव्हा मीही वैतागले होते.

जूनमध्ये शेजारच्या मळ्यात मोत्याच्याच पाठचा भाऊ आजारी पडला. त्याला लस नव्हती. खालचा जबडा लोंबत होता, तोंडातून तार लागलेली, हौदाशी जाऊन बसायचा पण पाणी घशाखाली उतरत नव्हतं. सालदाराला वाटलं, घशात हाड अडकलंय. त्यानं तोंडात हात घातला. चौथ्या दिवशी कुत्रं मेलं. डॉक्टरांनी लक्षणं ऐकून रेबीज धरूनच चालायला सांगितलं. सालदाराला लगेच लस आणि सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सुरू झालं, घरातल्या चौघांना लस. मोत्यालाही जादा डोस दिला.

दोघं एकाच आईचे, एकाच बांधावर खेळलेले. एप्रिलमध्ये दोघंही सारखेच ठणठणीत दिसत होते. म्हणून माझं मत ठाम आहे: ते तीन महिने जाच नाहीत. तुमचं काय?

तापीकाठ:

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही. रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडं भरपूर निघाली, म्हणजे लस लागली. मग पुढे तीन महिने कशासाठी? तपासणीवर विश्वास नसेल तर करायला लावू नका, आणि असेल तर थांबवू नका. हे गरीब देशातल्या माणसाला दमवण्यासाठी केलेलं वाटतं. जर्मनीतल्या माणसाचं कुत्रं इथं आलं, तर त्याला परत जाताना हे तीन महिने नाहीत. मग भेदभाव नाही तर काय?

निवृत्त पशुवैद्यक, नंदुरबार:

तापीकाठ भाऊ, प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर सांगतो. रेबीजचा विषाणू चाव्यातून आत गेला की रक्तात फिरत बसत नाही. तो स्नायूतून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा काही आठवडे ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहून जास्त. आता समजा, पिल्लाला लसीच्या पंधरा दिवस आधी चावा बसला. लस दिली, रक्तात प्रतिपिंडं तयार झाली, रिपोर्ट 0.5 च्या वर आला. पण तंतूत आधीच शिरलेल्या विषाणूपर्यंत ती पोहोचतीलच असं नाही. रक्ताची तपासणी सांगते की लस लागली. आधी लागण झाली होती की नाही, हे ती सांगत नाही. जिवंत, धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यात ते ओळखायची खात्रीची तपासणीच नाही. त्यासाठी थांबून पाहणं एवढंच हाती उरतं.

जर्मनीतल्या कुत्र्याची सूट विचारलीत. त्याची रक्ततपासणी देश सोडण्याआधी झालेली असली, पासपोर्टवर नोंदलेली असली आणि लस वेळेवर चालू ठेवली असली, तरच ती सूट मिळते. म्हणजे तो इथं आला तोच संरक्षण घेऊन. तुमच्या मळ्यातलं पिल्लू लसीआधीचे तीन महिने उघड्यावर वाढलेलं असतं. फरक तिथं आहे.

आणि सालदारानं हात घातला ती चूक मी नोकरीत वर्षानुवर्षं पाहिली. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लोकांना धावून येणारंच आठवतं. मुका प्रकारही असतो. जबडा लोंबतो, आवाज बदलतो, कुत्रं कोपऱ्यात बसून राहतं. गाई-म्हशींतही तसंच होतं, आणि माणसं चारा अडकला समजून हात घालतात. असं जनावर दिसलं तर तोंडाजवळ जाऊ नका.

फ्रँकफर्टचा खान्देशी:

ग्रुपवर ओळखीनं कागद करण्याचं मीच लिहिलं होतं, म्हणून उत्तर देतो. माझं कुत्रं घरात वाढलेलं आहे, चोपड्याच्या बंगल्यात, भिंतीच्या आत. रस्त्यावरच्या कुत्र्याशी संबंध नाही. लस खरोखर दिलेली आहे. फक्त तारीख दोन महिने मागची टाकायची, यात कुणाचं काय नुकसान? एजंट हेच करतात, मी पहिला नाही. तीन महिने त्याला कुणाकडे ठेवू? माझी रजा पाच आठवड्यांची आहे. नियम करणाऱ्यांनी माणसाच्या अडचणीही बघाव्यात.

केळीबागेतली:

भाऊ, रजेची अडचण मला समजते, माझीही तीच होती. आईनं सांभाळलं नसतं तर मला जमलं नसतं. पण तारीख मागची टाकण्याबद्दल गप्प बसणार नाही.

2004 साली मोरोक्कोहून एक पिल्लू गाडीनं स्पेनमार्गे फ्रान्समध्ये बोर्डोला आणलं गेलं. लस नाही, कागद नाहीत. ऑगस्टमध्ये ते रेबीजनं मेलं. त्याआधी त्याचा मालक त्याला घेऊन उत्सवांना, गर्दीत फिरला होता. कुणी कुणी त्या पिल्लाला हात लावला हे शोधायला फ्रान्सच्या आरोग्य खात्याला जाहीर आवाहनं करावी लागली. 2021 च्या जूनमध्ये अझरबैजानहून 33 कुत्री विमानानं शिकागोला आली. त्यातल्या पेनसिल्व्हेनियात गेलेल्या एकाला रेबीज निघाला. त्यांच्याबरोबर लसीचे दाखले होते. त्याच वर्षी 14 जुलैपासून अमेरिकेनं जोखमीच्या सगळ्या देशांतून कुत्री आणणं स्थगित केलं. त्यात भारतही होता. शेकडो लोकांची कुत्री अडकली, ज्यांनी सगळं प्रामाणिकपणे केलं होतं त्यांचीही. अमेरिकेचे आजचे नियम, कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, हे 1 ऑगस्ट 2024 पासूनचे, आणि त्यामागे हाच इतिहास आहे.

तुमचा एक खोटा दाखला पकडला गेला तर पुढच्या खान्देशी माणसाचा खरा दाखलाही संशयानं वाचतील. आणि पकडला गेला नाही तर? तुमच्या इमारतीतली पोरं त्याच्या गळ्यात पडणार आहेत.

बंगल्याच्या भिंतीच्या आत वाढला म्हणता. मुंगूस, मांजर भिंत पाहून थांबतं का?

धुळ्याची आत्या:

मला नियमांतलं फार कळत नाही. माझ्या भाच्याचं सांगते. सुट्टीत इंग्लंडहून आला होता, वय सात. आखाजीला गल्लीत झोके बांधले होते, तिथं कुत्र्याचं पिल्लू पोटरीला चावलं, इवलासा ओरखडा. शेजारची म्हातारी म्हणाली, "काही व्हत नही, मिरची दाबी दे." आणि खरंच तिखट आणलं होतं. मी हात धरला. नळाखाली पाय धरून कपड्याचा साबण लावला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पोरगं रडून रडून लाल. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात. लस चार वेळा: त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठाविसाव्या दिवशी तो परत लंडनला होता, शेवटची तिकडे घेतली. पोरगं छान आहे.

पण आमच्या वहिनीच्या मनात अजून बसलंय की चौदा इंजेक्शनं पोटात देतात, म्हणून ती नको म्हणत होती. ती जुनी लस 2004 च्या सुमारास बंदच झाली. आता दंडात किंवा कातडीत देतात. बाहेरून पोरं घेऊन येणाऱ्या सगळ्यांनी हे घरात आधीच सांगून ठेवा.

शिरपूरकर:

मी सरळ विरोधात लिहितो. आमच्या पिढ्या कुत्र्यांत गेल्या. खळ्यावर कुत्रं, ओट्यावर कुत्रं. परदेशी गेलात की पोरांना येण्याआधी रेबीजची लस टोचता, आमच्या अंगणात पोरं सोडायला घाबरता. आजीला काय वाटत असेल? आणि ताई, राग मानू नका, पण एका मोत्यासाठी तुम्ही चिप, लस, मुंबई, प्रयोगशाळा, विमान एवढं केलं. त्याच शिवारात पन्नास कुत्री फिरताहेत. त्यांना काय? एक पिल्लू वाचवलं आणि त्याचा सख्खा भाऊ शेजारी मेला, हे तुम्हीच लिहिलंय. सालदाराच्या पोराचं काय?

निवृत्त पशुवैद्यक, नंदुरबार:

पोरांच्या लसीबद्दल एवढंच. आधी लस घेतलेल्या माणसाला कुत्रं चावलं तर दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही. सीरम प्रत्येक तालुक्याला हाताशी असतंच असं नाही. शहाद्याच्या पुढे पाड्यावर आजी राहत असेल तर हा फरक फार मोठा. चावा बसणाऱ्यांत पंधरा वर्षांखालची मुलं सुमारे चाळीस टक्के, आणि चेहरा, मान इथले चावे त्यांनाच जास्त, जिथून मेंदू जवळ. यात आजीचा अपमान नाही.

शिरपूरकरांचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. माणसांतला रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर साखळी तुटते. गोव्यानं हे वर्षानुवर्षं घरोघर, गल्लोगल्ली जाळी घेऊन केलं आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

केळीबागेतली:

शिरपूरकर भाऊ, राग नाही. सालदाराच्या पोराचं तुम्ही विचारलंत ते मलाही टोचत होतं. त्या जूननंतर दादा आणि मी ठरवलं. 28 सप्टेंबरला, रेबीज दिनाला, दादा तालुक्याच्या पशुवैद्यकांना घेऊन मळ्यात गेला. लसीचे खर्च मी दिले. बर्फाचा तोच डबा. पाळीव आणि माणसाळलेली 31 कुत्री झाली, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका, म्हणजे दुसऱ्यांदा टोचायला नको. सालदाराच्या पोरानंच निम्मी धरून आणली, त्याच्याकडे येतात ती. पण बसस्टँडची आठ-नऊ हातीच लागली नाहीत. तिथं जाळं हवं आणि जाळं टाकता येणारी माणसं हवीत.

मोत्या इथं खिडकीशी बसलाय. बर्फ पडला की भुंकतो.

शिरपूरकर:

तीन महिन्यांबद्दल माझं मत अजून तेच आहे, घरी वाढलेल्या कुत्र्याला वेगळा नियम हवा. पण बसस्टँडचं सांगितलंत ते बरं केलं. मासे धरायचं मोठं जाळं माझ्याकडे आहे, तापीवर वापरतो. दादांचा नंबर मला खासगीत पाठवा. गणपती झाले की मी दोन पोरं घेऊन येतो.