बीएएसएलपीला ५७ टक्के, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते. मास्टर्सला कुणी घेईल का?

अंजिरी

नमस्कार. मी सासवडची. पुण्यातून बीएएसएलपी (ऑडिऑलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषेच्या उपचारांची पदवी) केलं, इंटर्नशिप झाली, आरसीआयचं, म्हणजे पुनर्वसन परिषदेचं, रजिस्ट्रेशनही आलं. सगळं मिळून ५७ टक्के. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी आणि इलेक्ट्रॉनिक्स-अकूस्टिक्स असे दोन विषय राहिले, ते पुढे निघाले. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिलं वर्ष बरंचसं पुस्तकातलं वाक्य कुठे संपतं ते शोधण्यात गेलं. शेवटच्या वर्षाला मात्र ६४ आहेत आणि क्लिनिकलला कायम चांगले मार्क होते.

सध्या हडपसरला एका थेरपी सेंटरवर आहे. पाऊण-पाऊण तासाची सेशन्स, बहुतेक ऑटिझमची किंवा उशिरा बोलायला लागलेली मुलं. घरी परतल्यावर आमच्याच आळीतल्या एका आजोबांकडे जाते, स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेली आहे. बायकोचं नाव काढता येत नाही, पण पालखीच्या दिवशी लोकांबरोबर ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सलग म्हणाले. असो, विषय तो नाही.

मला स्पीचमध्येच मास्टर्स करायचं आहे. वर्गातल्या पहिल्या चौघी म्हैसूरला आणि मुंबईला गेल्या. मी एफसी रोडवरच्या एका कन्सल्टंटकडे गेले, तर मार्कशीट बघून तो म्हणाला, “अमेरिकेत स्पीचला तुमचं प्रोफाइल वीक आहे, पब्लिक हेल्थला टाका, लगेच होईल.” वडील म्हणतात, कर्ज काढू, तू ठरव. पण नाही मिळालं तर अर्जांचे पैसे आणि वर्ष दोन्ही जाईल. एवढ्या मार्कांवर प्रयत्न करावा का? आधी भारतात करावा की बाहेर? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

डहाणूकर_कॉलनी

पब्लिक हेल्थची डिग्री घेऊन तिकडे कुणी तुम्हाला स्पीच थेरपी करू देणार नाही, एवढं तरी त्या कन्सल्टंटने सांगितलं का? माझ्या पुतणीने असंच ‘लगेच होईल’ ऐकून भलत्याच विषयात अॅडमिशन घेतली आणि आता परत मूळ विषयाकडे यायला धडपडते आहे. बाकी स्पीचमधलं मला काही कळत नाही.

वाचाताई

अंजिरी, मी पुण्यातच प्रॅक्टिस करते, बरीच वर्षं झाली. दर वर्षी माझ्याकडे इंटर्न येतात आणि दर वर्षी त्यांची शिफारसपत्रं लिहिते. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, ५७ टक्के सगळीकडे सारखे मोजले जात नाहीत. भारतात मास्टर्सला ५५ च्या आसपास किमान अट असते, ती तू ओलांडली आहेस. त्यानंतर जिथे प्रवेश परीक्षा आहे तिथे मुख्य वजन त्या परीक्षेचं. म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगची अखिल भारतीय परीक्षा असते. तिथे ऑडिऑलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी अशा दोन वेगळ्या एमएस्सी आहेत. १९६५ पासूनची संस्था, देशभरातून मुलं येतात, सोपं नाहीच. मुंबईत नायर रुग्णालयाची ऑडिऑलॉजी-स्पीच थेरपीची शाळा आहे, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. राज्यातल्या जागांसाठी सीईटी सेलची पीजी एएसएलपीची परीक्षा असते, तिच्या नोटिसांवर डोळा ठेव. भारती विद्यापीठ अभिमत आहे, तिथली प्रक्रिया वेगळी, घराजवळ म्हणून तीही बघ. या रस्त्यावर पहिल्या वर्षीच्या अॅनाटॉमीचं भूत तुझ्या मागे फार लांब येत नाही. मात्र पेपरात तीच अॅनाटॉमी पुन्हा समोर येते, तेव्हा आता ती पाठ न करता समजून घे. अकूस्टिक्सही. स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे आवाजाचं चित्र, प्रॅट उघडून स्वतःच्या आवाजावर बघ, फुकट सॉफ्टवेअर आहे. स्वतःचा ‘आ’ आणि ‘ई’ शेजारी ठेवून फॉर्मंट (स्वर ओळखू देणाऱ्या गडद पट्ट्या) बघितले की ते प्रकरण परत विसरत नाही.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथे परीक्षा घेऊन क्रम लावत नाहीत, अख्खी फाइल वाचतात. भारतातले ५७ म्हणजे तिथले शंभरपैकी ५७ नव्हेत. डब्ल्यूईएससारखी संस्था आपल्या विद्यापीठाची गुण देण्याची पद्धत बघून प्रत्येक विषयाला त्यांच्याकडची ग्रेड लावते. आपल्या फर्स्ट क्लासचे गुण तिकडे बहुधा ‘ए’मध्ये जातात. तेव्हा कन्सल्टंटने मार्कशीट बघून तोंड वाकडं केलं म्हणून घाबरू नकोस, आधी विषयवार मूल्यमापन करून घे. शिवाय बरेच प्रोग्रॅम शेवटच्या ६० क्रेडिट्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा बघतात, म्हणजे साधारण शेवटची दोन वर्षं. तुझा आलेख वर चढणारा आहे, आणि वाचणाऱ्याला तो दिसतो.

पण खरं सांगू? मध्यम मार्कांच्या मुली मार्कांपेक्षा पत्रांवर जास्त मागे पडतात. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. सरांकडे जायचं, सर म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मग चाळीस मुलींची चाळीस पत्रं एकाच साच्यातून निघतात: प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ. तिकडच्या समितीला त्यातून काहीच कळत नाही. शिवाय पत्र तुझ्या हातात येत नाही, लिहिणाऱ्याला थेट मेल जातो आणि त्याने ते स्वतः चढवायचं असतं. आपले कितीतरी विभागप्रमुख तो मेल उघडतच नाहीत. म्हणून मोठ्या पदाच्या मागे लागू नकोस. जिने तुला प्रत्यक्ष थेरपी करताना बघितलं आहे, ती क्लिनिकल सुपरवायझर गाठ, मग ती कितीही ज्युनिअर असो. तिच्याकडे जाताना तुझ्या तीन केसेसचा एक कागद ने: बेसलाइन (सुरुवातीची पातळी) काय होती, ध्येय काय ठेवलं, कुठे अडलं, काय बदललंस. तिला आठवेल आणि तिचं पत्र तुझंच होईल. मी पत्र लिहायला बसते तेव्हा मला ‘गुणी मुलगी’ आठवत नाही. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला कुणी सरळ ‘क’ घोटवायला बसवलं आणि कुणी आधी त्याला ‘क’ आणि ‘त’ यांतला फरक ऐकू येतो का ते तपासलं, हे आठवतं.

आता तुझ्या त्या ‘असो’बद्दल. आजोबांची गोष्ट तू दोन ओळींत उडवलीस आणि ‘विषय तो नाही’ म्हणालीस. अगं, तुझ्या स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधाचा, विषय तोच आहे! बायकोचं नाव अडतं, पण गजर सलग येतो. स्वतः जुळवून बोलायचं बोलणं आणि आपोआप येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने चालतं, हे आपण वर्गात शिकतो. १९७३ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी मेलोडिक इंटोनेशन थेरपी मांडली ती अशाच निरीक्षणावर, की शब्द गेलेला माणूस गाऊ शकतो. तू काय केलंस त्यानंतर? गजराच्या ठेक्यावर बायकोचं नाव बसवून बघितलंस का? चाललं नसेल तर तेही लिही. न चाललेल्या गोष्टीवर नीट विचार केलेला अर्ज ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती’पेक्षा शंभर पटींनी बरा. ते सेवेचं वाक्य आत्ताच खोडून टाक, मला खात्री आहे तू लिहून ठेवलं असणार. मार्कांबद्दल फक्त दोन वाक्यं: मराठी माध्यमातून आले, पहिलं वर्ष जड गेलं, शेवटचं वर्ष बघा. रडगाणं नको. आजोबांचं नाव-गाव मात्र लिहू नकोस आणि घरच्यांना विचारून घे.

आधी भारत की बाहेर, यावर माझं मत विचारशील तर आधी भारत. एक तर खर्च. दुसरं म्हणजे, भारतातलं मास्टर्स करूनही अमेरिकेची वाट बंद होत नाही. आशा, म्हणजे त्यांची व्यावसायिक संघटना, बाहेरच्या पदव्युत्तर शिक्षणाचं मूल्यमापन करून घेते. मग प्रॅक्सिस ही त्यांची परीक्षा आणि क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचं काम. कागदांचा त्रास भरपूर, पण वाट आहे. आणि तिसरं, माझं स्वार्थी कारण: मराठीत काम करणाऱ्या चांगल्या मुली इथे कमी पडतात. ळ आणि ण कधी यायला हवा, ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च मुलं कधी वेगळे करतात, हे इंग्रजी तक्त्यावर बघून थेरपी देणाऱ्या कमी नाहीत.

मिडवेस्टवाला

वाचाताईंचं बाकी सगळं पटलं, ‘आधी भारत’ सोडून. मी पुण्याचाच, इथे अमेरिकेत स्पीच मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि माझे टक्के अंजिरीपेक्षा फार वर नव्हते. काही गोष्टी भारतात कुणी सांगत नाही.

इथल्या सर्टिफिकेशनला बायोलॉजी, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि सोशल सायन्स असे चार मूलभूत विषय कॉलेज पातळीवर झालेले लागतात. बारावीचं बायोलॉजी चालत नाही. स्टॅटिस्टिक्स स्वतंत्र विषय हवा, आपल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात असलेलं धरत नाहीत. बीएएसएलपीवाले नेमके इथे अडकतात. तेव्हा प्रत्येक पेपरचा सविस्तर सिलॅबस कॉलेजकडून शिक्का मारून घेऊन ठेव, आणि स्टॅटिस्टिक्स लागलंच तर ऑनलाइन क्रेडिटचा कोर्स करून त्यात ‘ए’ काढ. कमी मार्कांच्या अर्जात ताजा ‘ए’ फार बोलतो. (जुने विषय परत देऊन जुना मार्क पुसला जाईल असं समजू नकोस, सीएसडीकॅस या सामायिक अर्जात दोन्ही धरतात.)

कुठे अर्ज करायचा ते नावावरून ठरवू नकोस. आशाच्या एडफाइंड या साइटवर प्रत्येक प्रोग्रॅमला किती अर्ज येतात, किती जणांना घेतात, घेतलेल्यांचा जीपीए कुठल्या पट्ट्यात आहे ते दिसतं. किनाऱ्यावरची मोठी शहरं सोडून आत ये. थंडी आहे, भाकरीचं पीठ शोधावं लागतं, पण जागा आहेत. बऱ्याच ठिकाणी आता जीआरई ही प्रवेश परीक्षा मागत नाहीत. टोफेल, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, मात्र हलक्यात घेऊ नकोस, आपल्या विषयात स्पीकिंगचा किमान गुण अनेक ठिकाणी वेगळा आणि जास्त असतो. बीएएसएलपी इंटर्नशिप धरून चार वर्षांचं असल्यामुळे सोळा वर्षांच्या शिक्षणाचा प्रश्न तुला येणार नाही, तो तीन वर्षांच्या बीएवाल्यांना येतो.

आणि क्लिनिकल तास. इथे एकूण ४०० लागतात, त्यातले २५ निरीक्षणाचे, आणि ३२५ तास मास्टर्समध्येच करायचे असतात. म्हणजे इंटर्नशिपचे शेकडो तास दाखवून सूट मिळेल ही आशा सोड. पण अर्जात ते दाखव, कारण माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी इथे येईपर्यंत पेशंटला हात लावलेला नव्हता.

अंजिरी

वाचाताई, सेवेचं वाक्य खरंच होतं. पहिलंच! खोडलं. ठेक्यावर नाव बसवून बघितलं होतं. आजींचं नाव तीन अक्षरी आहे, टाळीवर पहिली दोन येतात आणि तिसऱ्याला आजोबा हसून मान हलवतात. मी ते नोंदलं नव्हतं, कारण ते सेंटरचे पेशंट नाहीत.

मिडवेस्टवाला, सिलॅबसचं कळल्यावर पोटात गोळा आला. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एका शिक्क्यासाठी काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या डोक्यात आता असं आहे की या वर्षी भारतातल्या प्रवेश परीक्षा द्यायच्या आणि सोबत स्टॅटिस्टिक्सचा कोर्स. नाहीच झालं तर पुढच्या वर्षी अमेरिकेचे निवडक अर्ज. नोकरी सोडावी लागेल का, तेवढं कळत नाहीये.

वाचाताई

नोकरी सोडू नकोस. सेंटरला सांगून शनिवारची सेशन्स कमी करून घे आणि सकाळचे दोन तास अभ्यासाचे ठेव, संध्याकाळी दिवे घाट चढून आल्यावर काही वाचून होत नाही. नोकरीच्या सहा-आठ महिन्यांत नोंदी नीट ठेवल्यास तर पत्रासाठी अजून एक माणूस तयार होतो, तुझी सेंटरची प्रमुख. आजोबांची नोंद आजपासून सुरू कर. पेशंट कुणाचाही असो, तारीख, दिलेला संकेत, आलेला प्रतिसाद. दुसऱ्या अक्षरानंतर थांबून तू किती सेकंद वाट बघतेस तेही लिही. मला वाटतं तू फार लवकर मदत करतेस.

डहाणूकर_कॉलनी

पुतणीला हा धागा पाठवला. ती विचारते आहे, स्टॅटिस्टिक्सचा कोर्स कुठला?

मिडवेस्टवाला

ज्या प्रोग्रॅमला अर्ज करायचा आहे त्यांनाच आधी मेल करून विचारा, कोर्सची माहिती जोडून. ‘हा चालेल’ असं लेखी उत्तर येईपर्यंत फी भरू नका.