मदत हवी आहे : ब्लूज गिटारवर तार ओढताना सूर नेमका कसा गाठायचा?

नमस्कार मंडळी,

पन्नाशीच्या उंबरठ्यावर इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. रविवारी आम्ही काही हौशी लोक एकत्र वाजवतो, त्यांच्याच आग्रहाने ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतशैलीकडे वळलो. ए७, डी७, ई७ या कॉर्ड्सवरचं (स्वरसमूहांवरचं) १२ बारचं, म्हणजे १२ आवर्तनांचं चक्र आता शफल या झुलत्या लयीत न अडखळता वाजतं. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलची ५व्या फ्रेटवरची (दांडीवरच्या आडव्या पट्टीवरची) पोझिशनही बोटांत बसली आहे.

अडतंय ते बेंडिंगपाशी, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यापाशी. तिसऱ्या तारेवर ७व्या फ्रेटचा डी हा सूर ओढून ई या सुरापर्यंत न्यायचा, तर सूर कधी खाली राहतो, कधी वर जातो. आधी ९व्या फ्रेटवरचा ई ऐकून घेतो, मग ओढतो; तरी दर वेळी जमतं असं नाही. त्याहून अवघड म्हणजे त्याच तारेवरचा ५व्या फ्रेटचा सी किंचित वर सरकवणं. सी आणि सी शार्पच्या मधली ती जागा लागली की ब्लूजचा खरा रंग येतो, आणि मला तोच हवा आहे. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एका सुरात केवढं सांगून जायचे!

गटातली मैत्रीण म्हणते, आधी गाऊन बघ, मग वाजव. पटतंय, पण हाताचं काय? जोर मनगटातून लावायचा की बोटांतून? मागच्या बोटांचा आधार कसा द्यायचा? सध्या १० गेजच्या (जाडीच्या) तारा आहेत, ९च्या, म्हणजे जरा बारीक लावल्या तर सराव सोपा होईल का? आणि रोज अर्धा तास मिळतो, त्यात नेमका कोणता रियाज करू?